हातगुणाच्या सिस्टर

बाळंतिणींच्या वॉर्डात एखादं नवं बाळ छातीला लागेना, रडून रडून लालबुंद झालं, आई घामाघूम झाली आणि आजूबाजूच्या चार बायकांचे चार तऱ्हेचे सल्ले देऊन झाले, की शेवटी कुणीतरी म्हणायचंच, "अहो, त्या हातगुणाच्या सिस्टरना बोलवा ना!"

मग सिस्टर यायच्या. धावत नाही, ऐटीत. बाह्या वर सारायच्या, एका हातात आईचा स्तन धरायच्या, दुसऱ्या हातात बाळाचं डोकं. बाळाने तोंड उघडलं रे उघडलं की फटकन आत. रडणं बंद. साऱ्या वॉर्डाचा जीव भांड्यात पडायचा आणि सिस्टरच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. बाळाच्या आजीने हात जोडले, तर "त्यात काय, रोजचंच आहे," असं म्हणून त्या पुढच्या खाटेकडे वळायच्या. पण वळताना चाल जरा जास्तच ताठ असायची.

खोटं कशाला बोलू, या कौतुकाची त्यांना चटक लागली होती. त्यातलंही एक वाक्य फारच लाडकं. "सिस्टर, तुम्ही असलात की पितं हो! तुम्ही गेलात की नाही पीत." हे ऐकलं की घरी जाऊन ते आधी नवऱ्याला सांगायचं, मग सासऱ्यांना, मग कॉलेजातून आलेल्या लेकीला. वर्षानुवर्षं हाच कार्यक्रम. या वाक्यात कौतुकाच्या शेजारीच एक तक्रार बसलेली आहे, हे त्यांना कधी दिसलं नाही. तुम्हाआम्हालाही दिसलं नसतं म्हणा.

अशात रुग्णालयाने ठरवलं की चादरी-कपड्यांची जुनी खोली रिकामी करायची आणि तिथे पाजणाऱ्या आयांसाठी मदत कक्ष सुरू करायचा. वॉर्डातल्या आया येतीलच, घरी गेलेल्याही अडचण घेऊन परत येऊ शकतील. मात्र तिथे बसायला शिकलेली स्तनपान सल्लागार हवी. सिस्टरनी ती खोली नुसती बघितली आणि आपली खुर्ची कुठे ठेवायची, खिडकीला पडदा कसला लावायचा, इथपर्यंत मनात मांडून टाकलं. अभ्यासक्रम आहे? करू की. आपल्याला कोण काय नवीन शिकवणार!

नवीन पुष्कळ होतं. आणि एक मान्य करायला हवं, पुस्तकातलं नवीन दिसलं की सिस्टर ते मोकळ्या मनाने घ्यायच्या. घ्यायच्या आणि लगेच घरच्यांवर ओतायच्या. जेवायला बसलं की व्याख्यान सुरू. स्तन लहान की मोठा, याच्यावर दूध ठरत नाही. जेवढं बाहेर निघेल तेवढं नव्याने बनतं. साठून राहिलं तर शरीराला वाटतं की आता गरज नाही, आणि ते बनवणं कमी करतं. म्हणून 'दूध कमी आहे, जरा साठू दे' म्हणत बाळाला थांबवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. पहिल्या दिवसांतला पिवळा, घट्ट चीक दिसायला थेंबभर असतो, पण बाळाचं पोट तरी केवढंसं! तेवढा पुरतो. आणि रडणं ही भुकेची अगदी शेवटची खूण. त्याआधी बाळ ओठ चाटतं, मूठ तोंडाकडे नेतं, मान वळवून शोधत राहतं. ते बघायचं आणि तेव्हाच पाजायला घ्यायचं.

"हो का?" सासरे ताट पुढे सरकवत म्हणाले. "मग मी केव्हाचा ओठ चाटतोय, कुणी बघतंय का माझ्याकडे?"

वर्गातल्या सरावासाठी लोकरीचा स्तन लागायचा. लेकीने तो तपकिरी लोकरीचा विणून दिला, मधोमध गडद वर्तुळ आणि त्यावर छानसा गोंडा. अजून आत कापूस भरायचा होता, म्हणून तो सोफ्यावर पडलेला. थंडीची सकाळ होती. सासऱ्यांना ती टोपी वाटली, त्यांनी ती डोक्यात घातली आणि गॅलरीत उन्हाला जाऊन बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करत, चांगले तासभर. समोरच्या शेजाऱ्याने "काका, टोपी झकास आहे" असं सांगितलं, त्यावर "सुनेच्या अभ्यासातली आहे" असं यांनी अभिमानाने उत्तरही दिलं. सिस्टर बघतात तो काय! नवरा हसून हसून जमिनीवर बसला. सासऱ्यांना खरं सांगितलं तेव्हा त्यांनी ती शांतपणे काढून ठेवली आणि म्हणाले, "असू दे. ऊब मात्र चांगली होती."

सगळं असं हसतखेळत चाललं होतं, ते पहिल्या प्रात्यक्षिकापर्यंत.

शिकवणाऱ्या बाई सिस्टरपेक्षा बऱ्याच लहान. आवाज खालचा, बोलणं मोजकं. त्या दिवशी वॉर्डातल्या एका पहिलटकरणीपाशी सगळ्या विद्यार्थिनी उभ्या होत्या आणि बाईंनी विचारलं, "कोण मदत करतंय?" विचारायचा अवकाश, आमच्या सिस्टर बाह्या सारून पुढे. एक हात इथे, एक हात तिथे, फटकन! बाळ लागलं. सिस्टरनी मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. टाळ्या तेवढ्या राहिल्या होत्या.

"छान," बाई म्हणाल्या. "आता हात काढा."

हात काढल्यावर बाळ घसरत घसरत नुसत्या टोकाशी आलं आणि आईने वेदनेने डोळे मिटले. बाईंनी तिला विचारलं, "परत लावून बघता?" त्या मुलीने काय करावं? तिचे हात मांडीवर तसेच राहिले आणि ती सिस्टरकडे बघायला लागली. आता तुम्ही या, अशा नजरेने.

"हे बाळ तुमच्या हातांनी प्यालं, सिस्टर," बाई म्हणाल्या. आवाज तसाच खालचा. "आईच्या नाही. घरी जाताना ती तुमचे हात घेऊन जाणार आहे का? आणि डोकं मागून दाबलं ना, की बाळ मान मागे टाकतं. कुणीतरी ढकलतंय, एवढंच त्याला कळतं. उद्यापासून तुम्ही हात लावायचा नाही. फक्त बोलायचं."

थोबाडीत बसल्यासारखं झालं. सिस्टरनी तिथे गुपचूप बाह्या खाली केल्या, पण घरी आल्यावर भांड्यांची धडगत राहिली नाही. "कालची पोर मला शिकवते! इतकी वर्षं इतकी बाळं लावली मी, आणि मला म्हणे हात लावू नका! सुताराला म्हणावं का, रंध्याला हात लावू नको?"

नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. मितभाषी माणूस. त्याने भांडी वाजून संपेपर्यंत वाट बघितली आणि मग म्हणाला, "एक विचारू? मी लिफ्ट दुरुस्त केली आणि लोक म्हणाले, 'भाऊ, तुम्ही असलात की चालते, तुम्ही गेलात की बंद पडते.' तर मी ते घरी येऊन कौतुकाने सांगेन का?"

सिस्टरनी ओट्यावरचं पातेलं आवाज न करता खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "भात गार होतोय, वाढून घ्या." स्वतः मात्र जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं, ते बघायला फार गमतीचं आणि करायला फार कठीण होतं. हात कुठे ठेवायचे हाच पहिला प्रश्न. खिशात घातले तर ते बाहेर यायचे. मागे बांधले तर खांदे पुढे धावायचे. आणि दुसरा प्रश्न त्याहून मोठा. बोलायचं काय? इतकी वर्षं सगळी विद्या बोटांत होती, तोंडात आलीच नव्हती. "असं धरा" म्हणायच्या, आणि 'असं' म्हणजे कसं ते सांगायला शब्दच नाहीत.

लेकीने मनावर घेतलं. बाहुली आणि लोकरीचा स्तन घेऊन ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "मी एकदम मठ्ठ आई आहे. तू सांगशील तेवढंच करणार." सिस्टर म्हणाल्या, बाळाला जवळ घे. तिने बाहुली पायाला धरून जवळ ओढली. पोटाशी घे म्हटलं, तर पोटावर उताणी ठेवली. तोंड छातीशी आण म्हटलं, तर तोंड आलं, बाकीची बाहुली पाठीमागे लोंबकळत.

"अगं, अशी कुठली आई असते?"

"तुझ्या शब्दांतली," लेक म्हणाली.

हळूहळू शब्द सापडत गेले. बाळाचं पोट तुमच्या पोटाला. कान, खांदा, कंबर एका रेषेत, कारण मान वळवून आपल्यालाही घोटभर पाणी धड गिळता येत नाही. आधार खांद्यांच्या मधोमध द्या, डोकं मोकळं राहू द्या. नाक स्तनाच्या बोंडासमोर, म्हणजे ते वर बघत मोठं तोंड उघडेल. हनुवटी आधी टेकली पाहिजे. सिस्टर भाजी निवडताना हे पुटपुटायच्या, बसमध्ये पुटपुटायच्या. वॉर्डात एकेका आईशी बोलताना जीभ अडखळायची, पण रोज थोडी कमी.

मग शेवटची परीक्षा आली. नियम सोपा होता. एका आईला पहिल्यापासून शेवटपर्यंत मदत करायची, हात न लावता. हात लागला तर अभ्यासक्रम पुन्हा, आणि तोपर्यंत मदत कक्षात दुसरं कुणीतरी बसणार.

खाटेवर जी आई होती, ती शहरातली बस चालवायची. रुंद मनगटं, मोकळा आवाज, भरल्या बसला एका हाकेत गप्प करणारी बाई. सिस्टरना बघितलं मात्र, तिने त्यांचा हातच धरला.

"आलात बाई तुम्ही! दाखल होतानाच सांगितलं होतं मी, याच सिस्टर हव्यात. मोठ्याच्या वेळी तुम्हीच होता ना? काय सुंदर प्यायचा तो इथे! तुम्ही लावलात की लगेच. घरी गेलो आणि एकदाही नीट प्यायला नाही. आठवडाभर दोघं रडलो, मग बाटली आणली." आणि मग, जितक्या सहज आपलं वजन किंवा उंची सांगावी, तितक्या सहज ती म्हणाली, "माझ्यातच काहीतरी कमी आहे."

 इतकी वर्षं सिस्टर मिरवत होत्या ते वाक्य आज त्यांच्यासमोर अख्खं उभं होतं, घरी गेल्यावरच्या त्या रडक्या आठवड्यासकट. परीक्षा, खोली, पडदा, सगळं क्षणभर मागे पडलं. त्या स्टूल ओढून तिच्या अगदी जवळ बसल्या.

"तुमच्यात काही कमी नव्हतं," त्या म्हणाल्या. "दर वेळी मीच लावत गेले. तुम्हाला शिकवलंच नाही. चूक माझी होती."

ती बघत राहिली. तिला ते पटलं नाही, हे स्पष्ट दिसत होतं. इतकी वर्षं स्वतःला दोष देणाऱ्या माणसाला एका वाक्याने थोडंच मोकळं होता येतं!

या वेळी मुलगी होती. तिचं वजन उतरायला हवं त्यापेक्षा जास्त उतरलं होतं. आईच्या बोंडांना भेगा पडलेल्या. डॉक्टर म्हणाले होते, उद्या पुन्हा वजन करू, आणखी उतरलं तर वरचं दूध द्यावं लागेल. त्यांचं बरोबरच होतं, बाळाचं पोट भरणं आधी. पण बसवाल्या बाईने ते ऐकलं होतं आणि मनात सगळं ठरवून टाकलं होतं. यंदाही तेच होणार.

"सिस्टर, लावून द्या ना," ती म्हणाली.

"द्या हो लावून," खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या तिच्या सासूबाई म्हणाल्या. "पोर भुकेजली आहे. तुमच्या हाताला गुण आहे."

खिडकीपाशी शिकवणाऱ्या बाई उभ्या होत्या. त्या सिस्टरच्या हातांकडे बघत होत्या.

सिस्टरनी आपले दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर चक्क बसल्या. "लावून देणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मी इथून हलणारही नाही. आधी तुम्ही आरामात मागे रेला. सासूबाई, पाठीशी उशा द्या बरं तिला. हं. बाळाचं झबलं काढा, लंगोट राहू दे. आता तिला तुमच्या उघड्या छातीवर पालथी घ्या, आणि वरून चादर."

मुलगी आधी किंचाळलीच. वॉर्डातल्या माना वळल्या. "आत्ता काही करायचं नाही," सिस्टर सांगत राहिल्या. "पाठीवरून हात फिरवा. तिच्याशी बोला. रडणारं बाळ पीत नाही, आधी ती शांत होऊ दे." बसवाल्या बाईला काय बोलावं सुचेना, म्हणून ती आपल्या बसच्या थांब्यांची नावं सांगायला लागली, एकामागून एक, रोजच्या क्रमाने. निम्म्या रस्त्यात मुलगी शांत झाली. मग तिने मूठ चोखली. मग डोकं उचललं, आपटलं, पुन्हा उचललं आणि ठोकर खात खात एका बाजूला सरकायला लागली.

"अगंबाई!" सासूबाई पुढे झुकल्या.

"ती शोधतेय. तिला कळतं. तुम्ही फक्त खांद्यांच्या मधे तळहात ठेवा, पडू देऊ नका. डोकं मोकळं. नाक बोंडाच्या समोर येऊ दे."

मुलगी पोचली, धरलं, आणि आई कळवळली.

"दुखतंय ना? मग सोडवा. ओढू नका. करंगळी तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घाला, पकड सुटेल. तुम्ही चुकला नाहीत, तिने घाईत टोकच धरलं. पुन्हा करू."

पुन्हा टोकच. पुन्हा करंगळी. तिसऱ्यांदा मुलगी चिडून रडायला लागली, आईचे डोळे भरले आणि ती म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" तेव्हा सिस्टरचा उजवा हात मांडीखालून निघाला. निघालाच. एक बोट, फक्त एक बोट त्या हनुवटीला लावलं असतं, तर सारं संपलं असतं. हात खाटेपर्यंत गेला. तिथे त्यांनी खाटेची लोखंडी कड पकडली, बोटं पांढरी होईपर्यंत.

"थांबा," त्या म्हणाल्या. या वेळी शब्द अचूक होते. "परत छातीवर घ्या. तिला शांत होऊ दे. घाई तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. जांभई देताना उघडतं ना, तेवढं मोठं तोंड उघडेपर्यंत वाट बघा. उघडलं की तिच्या खांद्यांना तुमच्याकडे घ्या. हनुवटी आधी."

थांब्यांची नावं पुन्हा सुरू झाली. मुलगी डुलत डुलत आली. नाक टेकलं. तोंड उघडलं, एवढंसं. आई थांबली. आणखी उघडलं. आई अजून थांबली. मग ते तोंड असं काही उघडलं की बसवाल्या बाईने कुणाच्याही सांगण्याची वाट न बघता तिला जवळ घेतलं.

हनुवटी रुतली. खालचा ओठ बाहेर उमलला. जबडा आधी भरभर, मग मोठा, संथ हलायला लागला.

"दुखतंय?"

"नाही," ती म्हणाली, आणि तिचा स्वतःवरच विश्वास बसेना. "अहो, नाही दुखत!"

"आता ऐका. गिळतेय." सगळे ऐकायला लागले. बारीकसा, घशातला, समाधानी आवाज. एक, मग थांबून आणखी एक.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बघ, मी म्हणाले नव्हते? सिस्टरच्या हाताला गुणच तसा."

"आई," बसवाल्या बाईने बाळावरची नजर न हलवता सांगितलं, "त्यांनी हात लावलाच नाही. मी लावलं."

सिस्टरना वाटलं, आता खिडकीकडे बघावं, बाईंचा चेहरा वाचावा. पण त्यांनी बघितलं नाही. त्या उठल्या, स्टूल मागे सारलं आणि म्हणाल्या, "या बाजूचं झालं की ती आपणहून सोडेल. मग दुसऱ्या बाजूला तुम्हीच घ्या. मी बाहेर आहे." आणि परीक्षा अर्धी टाकून त्या चालत्या झाल्या.

पुढचं सांगूनच टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. दुसऱ्या दिवशी वजन उतरलं नव्हतं, थोडं चढलंच होतं, आणि लंगोट भराभर ओले होत होते. कपड्यांच्या जुन्या खोलीत आज सिस्टर बसतात. पडदा निळा आहे, खुर्ची दाराजवळ. पण सिस्टरना विचाराल, तर त्या म्हणतील, परीक्षा झाली ती वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात, भिंतीला टेकून.

कारण त्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळाने आत मुलगी रडायला लागली. दुसरी बाजू. सिस्टरनी आवाज ओळखला. दार दोन पावलांवर होतं. रडणं वाढलं. वाटेने जाणारी, वॉर्डात काम करणारी एक जुनी आया थांबून म्हणाली, "सिस्टर, तुमचंच बाळ रडतंय ना? जाताय ना?" सिस्टरनी मान हलवली, नाही. आया चकित होऊन बघत पुढे गेली. आतून अस्पष्टसं काहीतरी ऐकू आलं, थांब्यांची नावं असावीत. रडणं चढलं, अडखळलं, बारीक झालं. आणि थांबलं.

सिस्टर दाराकडे कान देऊन उभ्या होत्या. पुन्हा रडू आलं नाही.

दार उघडून शिकवणाऱ्या बाई बाहेर आल्या. सिस्टर झटकन सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो निकालाचा नव्हता. "बोलावतेय का मला?"

"नाही," बाई म्हणाल्या. "सिस्टर कुठे गेल्या म्हणून तिने विचारलंसुद्धा नाही."

आणि आमच्या सिस्टरची छाती अभिमानाने अशी भरून आली, की डोळे पुसायला त्यांना दोन्ही हात लागले.